कुंकू लावलेल्या रेकॉर्ड

जुन्या रेकॉर्डचा वाजवी भाव काढून देणं हे माझं काम, आणि खरं सांगायचं तर मला आता त्याचा वीट आला आहे. पूर्वी माणसं रेकॉर्ड घेऊन यायची, तेव्हा निदान गाणं तरी ऐकायची. आता मोबाइल पुढं करतात. मोबाइलवर कुणी परदेशातला माणूस एक तबकडी हातात धरून सांगत असतो की हिचे तीन लाख आले. मग माळ्यावरची पेटी खाली उतरते आणि 'गिरधर नाना, आमच्याकडं पण अश्शीच आहे' म्हणत जळगावातल्या माझ्या दुकानाची पायरी चढते. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. मी दोनशे रुपये म्हटलं की तोंडं पडतात. काही जण तर मलाच चोर ठरवून जातात.

पण भाव काही तोंडाला येईल तो सांगता येत नाही. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरपी धरायची, म्हणजे ओरखडे दिसतात. मधला कागदी बिल्ला बघायचा. गाणं संपतं तिथून बिल्ल्यापर्यंतच्या कोऱ्या पट्टीत एक नंबर कोरलेला असतो, तो भिंगातून वाचायचा; त्यावरून कळतं की ही पहिल्या खेपेची की नंतरची. मग अख्खी बाजू ऐकायची. हे झाल्याशिवाय मी आकडा काढत नाही, आणि एकदा काढला की बदलत नाही. चाळीस वर्षांत माझ्या सहीच्या कागदावर पुण्या-मुंबईच्या शौकिनांनी न बघता माल उचलला आहे. मला त्याचा गर्व होता. होता म्हणतो, कारण पुढचं सांगायचं आहे.

धुळ्याहून प्रेमराजचा फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. त्याचे वडील जीवराम आबा म्हणजे शिंदखेड्याचे जुने लाउडस्पीकरवाले. पुढं धुळ्यात देवपुरात घर बांधलं, घराला लागून दोन गाळे काढले. आबा दोन वर्षांपूर्वी गेले. प्रेमराज आणि त्याचा धाकटा भाऊ नवल यांनी वाटणी ठरवली होती: घर आणि गाळे दोघा भावांना, आणि बहीण सारिका हिला वडलांच्या रेकॉर्ड. तिनं हक्कसोडपत्रावर सही करायची, गुरुवारी रजिस्ट्रारकडं जायचं. सारिकानं एवढंच म्हटलं होतं की एखाद्या जाणत्याकडून रेकॉर्डचा भाव काढा, मग मी सही करते. म्हणून मी. फी ठरली दीड हजार आणि बसभाडं.

एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचली तोवर माझी कंबर बोलायला लागली होती. मांडीवर रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, पिशवीत भिंग. देवपुरातल्या घरी ओसरीवर तीन पत्र्याच्या पेट्या मांडूनच ठेवल्या होत्या. नवलनं पाणी दिलं आणि तो कोपऱ्यात जाऊन बसला. तो दिवसभरात चार शब्द बोलला असेल. सारिका शिंदखेड्याजवळच्या तिच्या सासरहून सकाळीच आली होती. ती आत भाकरी थापत होती.

पहिल्या दोन पेट्या लग्नातल्या. हळदीची गाणी, वरातीची गाणी, वाजवून वाजवून पांढरी पडलेली. किलोवर द्यायचा माल. तिसरी पेटी उघडली आणि मी चष्मा पुसला. आत चाळीस-पंचेचाळीस लहान रेकॉर्ड होत्या, मधलं भोक रुपयाएवढं मोठं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं साठ-सत्तर सालातलं गाणं, ज्याला 'सोल' म्हणतात ते. चर्चमध्ये देवाला हाक मारतात त्याच गळ्यानं ही माणसं सोडून गेलेल्या बाईला हाक मारतात. भुसावळला रेल्वेतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, तेव्हा आबांनी त्यांच्याकडून ही पेटी एका पंख्याच्या बदल्यात घेतली होती, असं प्रेमराज म्हणाला. मोठ्या भोकात बसवायला आबांनी लाकडाची चकती कातून घेतली होती, तीही पेटीत होती.

मी विचारलं, ही गाणी ते वाजवायचे कुठं? जेवणाच्या पंगतीला, म्हणे. शब्द कुणाला कळायचे नाहीत, त्यामुळं 'हे बंद करा, ते लावा' अशी फर्माईश यायची नाही आणि आबांना शांतपणे दोन घास खाता यायचे. शिंदखेडा तालुक्यातल्या किती नवरदेवांनी असल्या विरहाच्या गाण्यावर जिलबी खाल्ली असेल, देव जाणे.

पण त्या सगळ्या रेकॉर्डवर कुंकू होतं. खंडेनवमीला कारागीर आपल्या हत्याराची पूजा करतो, तशी आबांच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर, भोंगे आणि रेकॉर्ड यांची पूजा व्हायची. प्रत्येक बिल्ल्यावर अंगठ्यानं लावलेला तेलातल्या कुंकवाचा टिळा, वर्षानुवर्षं त्याच जागी, थरावर थर. काही बिल्ल्यांवरचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. तेल पसरून आतल्या खाचांत उतरलं होतं आणि त्यात धूळ बसून चिकट काळा लेप झाला होता.

त्यातच ती एक निघाली. नाव सांगत नाही; कुठल्याशा छोट्या कंपनीनं रेडिओवाल्यांना फुकट वाटायला काढलेली, विक्रीला कधी आलीच नाही. स्वच्छ असती तर तीन लाख, सहज. मोबाइलवाला तो माणूस या वेळी खोटं बोलत नव्हता. मी ती यंत्रावर लावली. आधी नुसती खरखर, मग त्या खरखरीच्या मागून एका बाईचा आवाज. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाचा असतो तसा दमलेला, आणि तरी मोडत नव्हता. चाळीस वर्षांत इतकं चांगलं मी ऐकलं नव्हतं आणि इतक्या वाईट अवस्थेत तर नाहीच. शेवटच्या कडव्याला सुई तेलात घसरली आणि गाणं संपण्याआधीच बिल्ल्यावर जाऊन पोचली. मला खरोखर वाईट वाटलं.

हिशेब सोपा होता. त्या एका रेकॉर्डचे अकरा हजार, तेही कुणी हौशी मिळाला तर. सगळ्या मिळून बासष्ट हजार. देवपुरात मुख्य रस्त्यावरच्या घराची आणि दोन गाळ्यांची किंमत मला ठाऊक नव्हती, पण लाखांत नसून कोटीच्या आसपास होती हे आंधळ्यालाही कळलं असतं.

प्रेमराजनं मला मागच्या अंगणात नेलं. आधी माझ्या कंबरेची चौकशी केली, मग जळगावच्या उन्हाची, मग केळीच्या भावाची. म्हटलं, बाबा, ताकाला येऊन भांडं का लपवतोस? तेव्हा तो बोलला. त्यानं सारिकाला सात लाख सांगितले होते. मोबाइलवरचे भाव जोडून त्यानं तो आकडा काढला होता. मी खोटं लिहावं असं त्याचं म्हणणं नव्हतं. रेकॉर्ड चांगल्या स्थितीत असत्या तर किती, तेवढाच आकडा लिहायचा. खोटं कुठं आहे त्यात? वर 'स्थिती उत्तम असल्यास' असं लिहा, बारीक अक्षरात. फीचंही बघून घेऊ.

फीसाठी मी केलं नाही. हे मी स्वतःला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. पण केलं. नाही म्हणायला जो जोर लागतो तो माझ्यात उरला नव्हता. चाळीस वर्षं लोकांना खरा भाव सांगितला आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. एकदा त्यांना हवा तो सांगावा आणि चारची बस पकडावी, एवढंच डोक्यात होतं. आणि बहिणी सही करतातच. सगळीकडं करतात. मी ओसरीवर येऊन माझ्या लेटरहेडवर लिहिलं: वर बारीक अक्षरात 'स्थिती उत्तम असल्यास', खाली 'अंदाजे सात लाख रुपये'. खाली सही ठोकली.

सारिका हात पुसत बाहेर आली. पंचेचाळिशीची, कामानं वाळलेली बाई. तिनं कागद घेतला, आकडा वाचला आणि कागद कपाळाला लावला. मला म्हणाली की आबांची कमाई एवढी निघेल असं वाटलं नव्हतं. तिच्या मुलीला धुळ्याला नर्सिंगला घालायचं होतं, ते आता होईल. मग ती पेटीपाशी बसली. एकेक रेकॉर्ड उचलून बघू लागली. आणि तिनं स्वतःचा अंगठा एका बिल्ल्यावरच्या टिळ्यावर ठेवला.

टिळे तिनंच लावले होते. आबा म्हणायचे, हत्याराला कुंकू घरच्या लेकीनंच लावायचं, त्याशिवाय धंद्याला बरकत नाही. पाच वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत, आणि लग्न झाल्यावरही दर खंडेनवमीला आबा तिला आणायला जायचे. भावांनी हात लावायचा नाही.

"नाना, मना कुंकूमुये भाव कमी तं नही व्हयना?" तिनं विचारलं.

तिनं ते सहज विचारलं होतं. नाही म्हटलं असतं तरी संपलं असतं. प्रेमराज माझ्याकडं बघत होता. पण रेकॉर्डबद्दल कुणी समोर बसून सरळ विचारलं आणि मी खोटं उत्तर दिलं, असं कधी झालं नव्हतं; कागदावर जमलं ते तोंडानं जमेना. मी म्हटलं, झाला.

"कितला?"

मी ती रेकॉर्ड तिच्या हातात दिली. म्हटलं, अक्का, ही स्वच्छ असती तर तीन लाखांची. आता अकरा हजार. सगळ्या मिळून बासष्ट. कागदावर लिहिलंय ते स्वच्छ असत्या तर. वरची बारीक ओळ वाचा.

तिनं ती ओळ वाचली. दोनदा वाचली असावी. मग भावांकडं न बघता कागदाची घडी घातली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

प्रेमराजचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. तो मला म्हणाला, "नाना, जळगावचं दुकान तुमच्या वडलांचंच ना? तुमच्या बहिणीनं पण सही केली असेल. तिला काय दिलं होतं?"

इतक्या वर्षांत मला ते कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, साडी. पैठणी दिली होती.

सारिकानं हातातली रेकॉर्ड पेटीत ठेवली. मग ती प्रेमराजला म्हणाली, "दादा, मी तं साडीवरबी सही करी देती. फुकटबी करती. तू मांगतास तं." घडी केलेला कागद तिनं पेटीत टाकला, झाकण लावलं. "पन लबाड बोलीसन नही. गुरुवारले मी येत नही. मना वाटा माले घरमाच पाहिजे."

नवल कोपऱ्यातून उठून आत गेला. प्रेमराज मला सोडायला आला नाही. फी मी मागितली नाही. निघताना सारिकाला म्हटलं, तो कागद फाडून टाका. ती म्हणाली, राहू द्या, वकिलाला दाखवायला लागेल. मग म्हणाली, जेवून जा, भाकरी झालीय. मी जेवलो नाही.

चारची बस मिळाली. खिडकीशी बसलो तर खरं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. माझी बहीण सुलक्षणा पारोळ्यात असते. एकतीस वर्षांपूर्वी तिनं सही केली होती. या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन, पण राखी-दिवाळी सोडून तिच्याकडं उतरलो नव्हतो. पारोळ्याचा स्टँड आला आणि मी यंत्र उचलून खाली उतरलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

ती दारात शेंगा निवडत बसली होती. मला बघून घाबरली. कुणी गेलं का, असं विचारलं. म्हटलं, नाही. तिनं पाणी आणलं. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि एकतीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानाचा भाव काय होता आणि आज काय आहे, ते रेकॉर्डचा सांगतो तसं स्पष्ट सांगितलं. त्यातला निम्मा तुझा होता, आजही आहे, असंही सांगितलं.

सुलक्षणाचे हात थांबले नाहीत. शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "भाव माले तवयबी ठाऊक व्हता, भाऊ. तू सांगशी म्हनीसन वाट देखी ऱ्हायनी व्हती."