सात नंबरचा घोटा

"मावशी, त्यांच्या सात नंबरचा कुठला घोटा दुखरा आहे?"

चहात साखर किती घालू, असं विचारावं तितक्या सहज सरांनी हे विचारलं. सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. मावशींच्या मांडीवर तेव्हा कपाटाचं उजवं पाऊल होतं आणि चिकटपट्टी नेमकी टाचेखालून वळत होती. ती तिथेच थांबली.

कपाट हा संघाचा बचावपटू. उंची सहा फूट तीन इंच, वजन ब्याण्णव किलो, वय तेहतीस. आत काय ठेवलंय ते सहसा बाहेर दिसत नसे, म्हणून त्याचं नाव कपाट पडलं होतं आणि त्यालाही ते आवडायचं.

मावशी गेली सव्वीस वर्षं या क्लबात खेळाडूंचे घोटे बांधत होत्या. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडं जोडणारे तीन बंध असतात, आणि पाऊल आत मुडपलं की त्यातला सगळ्यात पुढचा आधी तुटतो. म्हणून पट्टी आतून सुरू करायची, टाचेखालून न्यायची आणि बाहेरून वर ओढायची. हे त्यांना पुस्तकाने शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी पाचेकशे घोटे बांधून झाल्यावर त्यांच्या अंगठ्याला ते आपसूक कळलं. आता एका घोट्याला चार मिनिटं लागत, आणि त्या चार मिनिटांत खेळाडू त्यांना सासूपासून दाढदुखीपर्यंत सगळं सांगून टाकत.

या स्पर्धेत एक जुनी रीत होती. पाहुणा संघ पट्टी बांधणारा माणूस बरोबर आणत नसे. यजमानांचाच माणूस दोन्ही खोल्यांत जाई. बसमधली एक जागा वाचते, एवढंच त्याचं मूळ कारण. पण त्यामुळे मावशींना सोळा संघांचे घोटे तोंडपाठ होते. सात नंबरचा तर होताच.

"तुम्ही आता त्यांच्या खोलीत जाणारच ना?" सर म्हणाले. "तेवढं बघून सांगा. पुढचं कपाट बघेल. काय रे? पहिल्या वीस मिनिटांत दार लावायचं."

दार लावणं हा सरांचा खास शब्द होता. समोरच्या खेळाडूला स्ट्रेचरवरून घरी पाठवणं, हा त्याचा अर्थ खोलीत सगळ्यांना ठाऊक होता.

"मोडायला नाही सांगत," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "तीन-चार आठवडे घरी बसला की झालं. हे फुटबॉल आहे, भातुकली नाही. आज हरलो तर आपण खालच्या गटात जाणार, मग तुम्हीही घरी आणि मीही घरी. तू दार लाव कपाट, तुझ्या पुढच्या वर्षीच्या कराराचं मी बघतो."

"हो सर," कपाट म्हणाला.

मावशींनी पट्टी पुन्हा ओढायला घेतली. आठ वर्षांपूर्वी एका आधीच्या प्रशिक्षकाने त्यांना असंच काहीसं विचारलं होतं. तेव्हा मावशींना वाटलं, माणूस काळजीपोटी विचारतोय. त्या म्हणाल्या होत्या, "डावा गुडघा हो, बिचाऱ्याचा." सोळाव्या मिनिटाला तोच गुडघा गेला. तो मुलगा आता कुठल्याशा शाळेत कवायत शिकवतो आणि जिना चढताना कठडा धरतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

आज त्यांनी झटपट हिशेब मांडून पाहिला. खरं सांगितलं तर डावा घोटा जाईल. खोटं सांगितलं तर उजवा जाईल. दोन्हीकडून एक घोटा जातच होता.

"मला नाही हो आता नीट कळत," त्या म्हणाल्या. "नजर पूर्वीसारखी राहिली नाही."

"काल तर माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण तुम्हाला मैदानाच्या पलीकडून दिसलं!" सर हसले. मग त्यांना काहीतरी सुचलं. "बरं, असं करू. कपाट, तूच जा मावशींबरोबर. त्यांची पेटी उचल. स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये."

"चालेल," मावशी म्हणाल्या. त्या इतक्या चटकन म्हणाल्या, की सरांना आपल्या कल्पनेचं कौतुकच वाटलं.

बोळातून जाताना कपाटाने पेटी दोन्ही हातांत तान्हं बाळ धरल्यासारखी धरली होती.

"करणार आहेस?" मावशींनी विचारलं.

"पुढच्या वर्षी मी चौतीस वर्षांचा होईन, मावशी. मला कोण घेणार? आणि दुसरं येतं काय मला?"

"का करणार ते नाही विचारलं. करणार आहेस का, ते विचारलं."

पेटीतल्या कात्र्या खुळखुळत राहिल्या.

पाहुण्यांच्या खोलीत धमाल चालली होती. कुणीतरी गोलरक्षकाचे बूट लपवले होते आणि गोलरक्षक एकेकाच्या पिशवीत डोकं घालत होता. सात नंबर टेबलावर बसून पाय हलवत होता. बावीस वर्षांचा, शिडशिडीत, एका जागी न टिकणारा. त्याच्या संघात त्याला भिंगरी म्हणत.

"आयला, मावशी! आज कपाटच घेऊन आलात? घर बदलताय की काय?"

सगळी खोली हसली. कपाटाचे कान लाल झाले.

"गप बस आणि पाय वर घे," मावशी म्हणाल्या. "माझ्या मनगटात कळ येतेय आज. कपाट, तू याचं पाऊल धर. टाच तळहातावर, बोटं वर. नडगीशी काटकोन झाला पाहिजे, आणि तो सुटता कामा नये."

मावशींच्या मनगटाला काहीही झालेलं नव्हतं.

कपाट खाली बसला आणि त्याने पाऊल हातात घेतलं. बारा वर्षांत शेकडो पावलं त्याच्या अंगावर चालून आली होती, पण त्यातलं एकही त्याने कधी हातात धरलं नव्हतं. हे गरम होतं, आणि त्याच्या अंदाजापेक्षा पुष्कळ हलकं. त्याची बोटं बाहेरच्या हाडावर गेली आणि तिथे थबकली. कातडीखाली काहीतरी सरळ आणि टणक होतं.

"प्लेट आहे," भिंगरी उत्साहाने म्हणाला. "सहा स्क्रू. हात लावून बघा ना दादा, पाचवा जरा वर आलाय. लागला? लागला ना?" नवं घड्याळ दाखवावं तसा तो दाखवत होता. "आई म्हणाली होती, विमानतळावर वाजशील. मी मुद्दाम दोनदा त्या दारातून गेलो. नाही वाजलो. फार निराशा झाली."

"कशाने मोडला?" कपाटाने विचारलं.

"मारला एकाने. मी पडलो, तर तोच माझ्याशेजारी रडायला लागला. म्हणे, सॉरी यार, मला सांगितलं होतं. आता मी काय करणार? पाय माझा मोडलाय आणि समजूत मी त्याची काढतोय!"

पुन्हा हशा झाला. कपाट हसला नाही. मावशी पट्टीचा आठाचा आकडा घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अकरा महिने," भिंगरी पुढे सांगत होता. "कुबड्या घेऊन घरातच चेंडू खेळायचो. खालच्या मजल्यावरच्या काकू आधी भांडायला आल्या, नंतर गोलरक्षक झाल्या. ते जाऊ द्या. दादा, आज तुमच्या पायांमधून तीनदा चेंडू काढणार आहे मी. आधीच सांगतो, नंतर राग नको."

"माझे पाय बंद असतात," कपाट म्हणाला.

"कपाट वरून बंद असतं हो. खालून केरसुणी जातेच की!"

आता मात्र कपाटाला राहवलं नाही. तो हसला, आणि ब्याण्णव किलोचा माणूस पोटातून हसला की हातातलं पाऊलही हलतं. मावशींनी त्याच्या मनगटावर चापट मारली. "काटकोन!"

डावा झाल्यावर त्यांनी उजवाही बांधला. तितक्याच पट्ट्या, तितकीच जाडी. ते पाऊलही कपाटानेच धरलं.

परत आल्यावर सरांनी विचारलं, "कुठला?"

"दोन्ही चांगले आहेत, सर."

"पट्टी कशाला आहे?"

"दोन्हींना."

सरांनी मावशींकडे पाहिलं. मावशी पेटीत कात्री शोधत होत्या. ती त्यांच्या गळ्यातच लटकत होती.

"मग कुठलाही चालेल," सर म्हणाले. कपाटाने नुसते मोजे वर ओढले.

सामना सुरू झाला. मावशी राखीव खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला बसल्या. त्यांच्यामागे कठड्याला टेकून त्यांचा नवरा उभा होता. तो संघाची बस चालवायचा आणि मैदानावर आला की सगळ्यांना फुकट सल्ले द्यायचा.

सहाव्या मिनिटाला भिंगरीने कपाटाच्या पायांमधून चेंडू काढला. प्रेक्षक खिदळले.

"दार!" सर ओरडले. "कपाट, दार!"

अकराव्या मिनिटाला कपाटाने चेंडू छातीवर अडवला. चौदाव्याला तो पुन्हा पायांमधून गेला. सर खुर्ची सोडून रेषेपर्यंत आले.

अठराव्या मिनिटाला चेंडू उसळून दोघांच्या बरोबर मध्ये पडला. दोघेही चार-चार मीटरवर, दोघेही पूर्ण वेगात. एक बासष्ट किलोचा, एक ब्याण्णव. इथे काही झालं तर ते खेळाच्या ओघात झालं म्हणता येतं. पंच फार तर पिवळं कार्ड दाखवतात. कपाटाने अंग खाली टाकलं. मावशी एकच गोष्ट बघत होत्या, त्याच्या बुटाचा तळवा. तळव्याचे खिळे समोरच्याला दिसले, तर घोटा गेला.

तळवा दिसला नाही. कपाट मांडीवर घसरत आला आणि पायाच्या कडेने त्याने चेंडू अलगद खरवडून काढला. भिंगरी त्याच्यावरून उडून पलीकडे तोंडावर आपटला.



भिंगरी उठला. त्याने तोंडातलं गवत थुंकून टाकलं. डावा पाय जमिनीवर दोनदा आपटून बघितला. मग त्याने कपाटाला उठवायला हात दिला, जोर लावून ओढलं, आणि कपाट जागचं हलेना तेव्हा स्वतःच त्याच्या अंगावर कोसळला. दोन्हीकडचे प्रेक्षक एकदमच हसले.

पुढची वीस मिनिटं पाहण्यासारखी होती. भिंगरी यायचा, कपाट अडवायचा. भिंगरी दुसऱ्या वाटेने यायचा, कपाट तिथेही हजर. एकदा तर कपाटाने त्यालाच हुलकावणी देऊन चेंडू अर्ध्या मैदानापर्यंत नेला आणि तिथे पोहोचल्यावर आता काय करायचं ते न सुचून आजूबाजूला पाहिलं. बाकावरचे राखीव खेळाडू उभे राहून शिट्ट्या मारत होते.

"अगं, आज कपाटाला चाकं लागलीत," मागून नवरा म्हणाला.

"दिसतंय मला."

"नजर गेली म्हणत होतीस ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सरच सांगत होते. त्यांना काळजी वाटते तुझी."

मावशी इतक्या हसल्या, की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला सरांनी कपाटाचा नंबर असलेली पाटी वर करायला लावली. कपाटाने पाटी पाहिली आणि तो चालत रेषेकडे निघाला. बारा वर्षांत या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी 'कपाट हलवा' एवढंच ओरडून दाखवलं होतं. आज पहिल्यांदा ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. हातांचं काय करावं ते न कळून कपाटाने शर्ट खाली ओढला.

"पुढचं वर्ष विसर," सर त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"हो सर."

मग सर मावशींकडे वळले. "तुम्ही तिथे नेऊन काय केलंत याला?"

"काही नाही. पाऊल धरायला दिलं."

तेवढ्यात चेंडू बाहेर गेला आणि सर रेषेकडे धावले.

बदललेल्या खेळाडूने आत जाऊन आंघोळ करायची असते. कपाट गेला नाही. मावशी थोड्या सरकल्या आणि तो बाकाच्या टोकाला बसला. मैदानावर त्याच्या जागी गेलेल्या मुलासमोर आता भिंगरी चेंडू घेऊन उभा होता. कपाट गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे झुकला. त्याचा श्वास अजून जागेवर आला नव्हता.

"बघा आता, मावशी," तो हळूच म्हणाला. "खांदा डावीकडे टाकेल. पण जाणार उजवीकडून."

भिंगरीने खांदा डावीकडे टाकला आणि तो उजवीकडून गेला.