रोजचं मीठ

“भाजी काळी पडते हो त्यानं, बाबा.” लेकीनं मिठाची पिशवी हळूच त्याच्याकडे सरकवली. तिला सहावा महिना चालू होता.

“थोडी पडते. चवीत फरक नाही.”

“मिठाला मिठासारखं राहू द्यावं की!” ओट्यापाशी उभ्या विहीणबाई म्हणाल्या. “त्यात लोखंड कशाला?”

तो कसनुसा हसला. मिठाच्या कारखान्यात मिश्रणाच्या यंत्रावर त्याची पंचवीस वर्षं गेली होती. यंदापासून तिथं मिठात आयोडीनसोबत लोहही मिसळू लागले होते. पहिल्याच दिवशी त्यानं लेकीसाठी पिशवी घेतली, तेव्हा सोबत्यांनी टिंगल केली होती, “लोक लेकीकडे मिठाई नेतात, हा मीठ नेतो!”

पिशवी उचलून मुकाट्यानं निघावं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात लेक पाणी आणायला उठली आणि दोन पावलांत धाप लागून खाली बसली. ओठ पांढरेफटक.

“तुझी आई तापानं गेली, असं मी सांगत आलो,” तो म्हणाला. “खोटं होतं ते. तुझ्या वेळी तिच्या अंगात रक्तच नव्हतं. जिना चढता चढता मधेच बसायची. मी म्हणायचो, ‘राणीसाहेब, पालखी मागवू का?’ तीही हसायची. मला कळलंच नाही गं.”

विहीणबाईंनी गॅस बंद केला, जवळ येऊन सुनेची खालची पापणी ओढून पाहिली.

“उद्या सकाळीच दवाखान्यात जाऊ. नुसत्या मिठानं भागायचं नाही.”

“नाहीच. गोळ्या लागतील. पण मीठ रोज पोटात जातं.”

विहीणबाईंनी पिशवीचं तोंड कापलं. “काळी तर काळी. सगळेच खाऊ.”

लेक त्याला दारापर्यंत सोडायला आली.

“रागावलीस?”

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “बाबा, फोटोत आई गंभीरच आहे. हसताना कशी दिसायची?”

“डाव्या गालावर खळी पडायची. तुझ्यासारखीच.”

रस्त्यानं चालताना तो बायकोचा चेहरा आठवत राहिला. खळी आठवली, डोळे आठवले, तिरका भांगसुद्धा आठवला. पण त्या गालांवर लाली आली असती तर ती कशी दिसली असती, हे काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढं येईना.