आधी सगळं बंद

तीस वर्षं मी कुलपं बसवतो, उघडतो, दुरुस्त करतो. या धंद्यात एक गोष्ट कळली: जगात चोर कमी, आगाऊ माणसं जास्त. आगाऊ माणूस दार फोडत नाही, जाता जाता कडी हलवून बघतो. ईमेलवरही तेच. बैठकीच्या खोलीत जुना कॉम्प्युटर, घरात सगळ्यांचा मिळून एकच ईमेल, आणि रोज पन्नास जण कडी हलवून जायचे. कुणाला माझ्या टकलावर केस उगवायचे होते, कुणाला मला लखपती करायचं होतं. एके दिवशी तर 'तुमचं पार्सल अडकलंय' या मेलला माझी आई पत्ता, जन्मतारीख, सगळं लिहून बसली होती. पाठवायच्या आत मी पाहिलं म्हणून वाचलो.

"अरे, किती नम्रपणे विचारत होता बिचारा," आई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. एकेक पत्ता अडवून बघितला. एक अडवला की तोच हरामखोर दुसऱ्या नावाने हजर. मग म्हटलं, आपल्या धंद्याची पद्धत वापरू. आधी सगळं बंद, मग किल्ल्या मोजून द्यायच्या. नियम करून टाकला: पत्त्यांच्या यादीत असेल त्याचाच मेल आत, बाकी सगळे स्पॅमच्या फोल्डरमध्ये. तिथून तीस दिवसांनी आपोआप कचऱ्यात. यादीत नावं सतरा. दुसऱ्या दिवशी इनबॉक्स लख्ख. घरात कुणाला बोललो नाही. कुलूप बदलल्याची दवंडी कोण पिटतं?

माझ्या लेकीला घरात सगळे ठिणगी म्हणतात. तिने तेव्हाच एका कारखान्यात अर्ज केला होता. तिथे प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या ज्योतीवर वळवतात. वर्षाला एकाच नवख्याला शिकवायला घेतात. चाचणीत बोट भाजलं, तर तो डाग मिरवत घरभर फिरली. निकाल ईमेलने येणार होता. रोज सकाळी ती कॉम्प्युटर उघडायची, बंद करायची. दोन आठवड्यांनी उघडणंच सोडलं.

"नसेल घेतलं," म्हणाली, आणि दुकानात येऊन कानस घेऊन बसली. हात काय हलका पोरीचा! पहिल्या दिवशी नऊ किल्ल्या घासल्या, एकही परत आली नाही. खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. पोरगी रडवेली आणि बाप खूश.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, ती एका नव्या इमारतीतल्या सगळ्या दारांची मापं घ्यायला गेली असताना शाळेच्या मुख्याध्यापिका तरातरा दुकानात शिरल्या.

"तीनदा मेल केला! कपाटांची कुलपं बदलायचीत. उत्तर द्यायला बोटं झिजतात का तुमची?"

यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांचं नव्हतं, तसं आणखी कुणाचं नव्हतं? शटर ओढून घरी गेलो.

स्पॅममध्ये हजारावर मेल. केस, लॉटरी, पार्सल, मुख्याध्यापिका, पुन्हा केस, आणि काचेचा कारखाना. सोळा दिवसांपूर्वीचा. उघडला. 'आपली निवड झाली आहे. वीस तारखेस दुपारी बारापर्यंत होकार कळवावा, अन्यथा पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल.'

तारीख एकोणीस होती.

फोल्डरच्या वर एक बटण असतं: 'सगळं रिकामं करा'. एकदा दाबलं की केसांसोबत कारखानाही गेला. कुणाला पत्ता लागला नसता, आणि तो हलका हात दुकानात राहिला असता. उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. लोकांची दारं मी त्यांना विचारून उघडतो. माझ्यात आणि चोरात फरक तेवढाच. इथे तर पोरीचं पत्र तिला न विचारता फोडून बसलो होतो.

ती सहाला आली. "ठिणगे, इकडे ये," मी म्हणालो.

तिने उभ्यानेच वाचलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"बाबा, न वाचलेले मेल ठळक दिसतात. हा ठळक नाहीये."

"मीच उघडला."

"कधी?"

"दोनला."

"मग चार तास काय करत होतात?"

'गिऱ्हाईक आलं होतं' हे जिभेवर आलं होतं. गिळलं. बटणावर बोट ठेवलं. "हे बघत होतो. तू दुकानातच राहावीस म्हणून."

कोपऱ्यातून आई म्हणाली, "आणि माझ्या पार्सलवाल्याला शिव्या घालत होता!"

ठिणगी हसली नाही. "उठा," म्हणाली. मी खुर्ची सोडली. तिने दोन ओळींचा होकार लिहिला, दोनदा वाचला, पाठवला. कारखान्याचा पत्ता यादीत घातला आणि माझा नियम काढून टाकला.

"पुन्हा पन्नास जण कडी हलवतील," मी म्हणालो.

"हलवू देत. स्पॅम रोज मी चाळीन. तुम्ही त्या फोल्डरला हात लावायचा नाही."

"बरं."

शुक्रवारी दहाच्या सुमारास दुकानात फोन वाजला.

"बाबा, उत्तर आलं. सोमवारपासून जायचंय."

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"आणि मुख्याध्यापिकाबाईंना कळवलंय, उद्या येऊन कुलपं बदलून देतो म्हणून. किती कपाटं आहेत माहितीये? बावीस. तुमच्या एकट्याच्याने व्हायचं नाही. मी येते."