गज चार बोटं वर

माझं डोकं चटकन तापतं, आणि तापवायला धाकटा भाऊ घरातच आहे. आम्ही दोघं जुनी, चकमकीची पिस्तुलं दुरुस्त करतो. मी हात काळे करते, तो गिऱ्हाइकांपुढे तोंड चालवतो.

त्या सकाळी तो एका निवृत्त डॉक्टरांची पिस्तुलांची जोडी पोचवायला गेला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा कारागिराने दोन्ही पिस्तुलं इतकी सारखी घडवली होती, की त्याची त्याला तरी ओळखू येत असतील का, देव जाणे!

मी टेबल आवरायला घेतलं. जुनं पिस्तूल आलं की आम्ही आधी नळीत गज घालतो. तळाला टेकला तर नळी रिकामी, अलीकडेच अडला तर आत कुणीतरी भरून ठेवलेली दारू आणि गोळी. तपासलं की मी चापाला लाल दोरा बांधते. निघताना भावाने कापून टाकलेले दोन दोरे तिथे पडले होते, एकाच्या गाठीत दुसऱ्याची गाठ अडकलेली. दोन्ही एकाच चापाचे! मधेच फोन आला होता, आणि मी मूर्खासारखं एकच पिस्तूल दोनदा तपासलं होतं. दुसऱ्यात गज गेलाच नव्हता.

त्याला फोन लावला, तर तो टेबलाच्या खणातच वाजला. गिऱ्हाइकाला ठिणगी दाखवताना पिस्तूल स्वतःच्या कानशिलाला लावून डोळे फिरवायची त्याची घाणेरडी खोड! शंभरदा बोलले असेन.

चपला घातल्या की नाही, आठवत नाही. रिक्षा मिळेना, तेव्हा पळतच सुटले.

डॉक्टरांचं दार उघडंच होतं. आत हा कानशिलाला पिस्तूल लावून उभा, घोडा चढवलेला.

"ठेव खाली, गाढवा!"

दचकून त्याने हात खाली घेतला. मी पिस्तूल हिसकावलं, घोडा जपून उतरवला, गज घातला. तो चार बोटं वरच अडला. डॉक्टर मटकन खुर्चीत बसले.

"ताई," भाऊ पुटपुटला, "मी आत्ताच एकदा चाप ओढला होता. ठिणगीच पडली नाही, म्हणून परत..."

"पडली नाही? नवी चकमक बसव म्हणून तुला तीनदा सांगितलं होतं!"

"कंटाळा केला गं. इथे ओरडू नकोस ना."

मी त्याचा दंड धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.