थोरल्याची वाटणी

मी डिस्क बोलतेय. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात, काचेच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या पोटात अडकलेली. साल अठ्ठ्याहत्तर. मी निम्मी रिकामी आहे, आणि तरी भरलेय.

मला कामाला लावण्याआधी सिस्टीम माझे भाग पाडते. एक तिचा स्वतःचा, एक शेतकऱ्यांच्या ऊसनोंदीचा, एक ऑफिसचा. कुणी काही सांगितलं नाही, तर बनवणाऱ्यांनी ठरवलेली मापं पडतात. ती शहाण्या माणसानं ठरवलेली होती: नोंदींना सगळ्यात मोठा भाग, बाकीच्यांना कामापुरतं. मशीन चालवणारा मानसिंग तीच ठेवणार होता.

तेवढ्यात सचिव लालासाहेब आले.

'चेअरमनच्या ऑफिसला एवढंसं? थोरल्याला थोरली वाटणी, अशी रीत हाय.'

'आवं, ही काय जमीन न्हाई. ऑफिसला ठेवायला हाय तरी काय?'

'काय न्हाई, म्हणून मान द्यायचा न्हाई व्हय? ल्हान हायेस, गप.'

मानसिंगनं सचिव म्हणतील ती मापं घातली. डोकं आहे त्याला, जीभ नाही. माझा निम्मा भाग ऑफिसच्या नावानं बंद झाला. तिथं आजवर सत्काराचं एक भाषण ठेवलंय, बास.

हंगाम लागला आणि नोंदींचा भाग गच्च झाला. आज सकाळी सुलाबाई आली. तिच्या उसाला तुरे आलेत, वजन उतरतंय. पाळी नोंदल्याशिवाय तोडणीची टोळी मिळत नाही.

'मशीन भरलंय, मावशी,' लालासाहेब म्हणाले.

'मग कागदावर लिवा की, पयल्यासारखं.'

'कागद बंद केलाय.'

'मशीन रिकामं कवा व्हतंय?'

'हंगाम सरल्यावर.'

'तवर माझ्या उसाचं सरपण व्हतंय, सायेब. ते जाळून तुमीच चहा करा.'

जागा आहे, बाई, माझ्या दोन भागांमधल्या भिंतीपलीकडंच आहे, ऑफिसच्या वाटणीत. पण भिंत हलवायची तर मला पुसून पुन्हा भरावं लागतं. तेवढा वेळ मशीन बंद. मग भिंत चुकीची घातली हे चेअरमनना सांगावं लागेल. ते कोण सांगणार? चूक झाली म्हणायला या माणसांची जीभ वळत नाही, आणि वयाला अक्कल समजायची सवय जात नाही.

दुपारी साताऱ्याकडच्या एका कारखान्याची माणसं आली. त्यांची डिस्क अजून कोरी आहे. लालासाहेबांनी मोठ्या रुबाबात आमचीच मापं त्यांना दिली. 'हीच कायमची ठिवा. परत कुणाला इचारायचं कामच न्हाई.'

मानसिंग शेजारीच उभा होता. खाली बघत.

मानसिंग, माझी नक्कल टेपवर आहे. मला पुसून टाक, भिंत हलव आणि पुन्हा भर, गड्या. मोठ्यांना मागनं सांग. सुलाबाई अजून पायरीवर बसलीय.