झिजलेल्या दाढा

दातांच्या डॉक्टरांचा निम्मा धंदा 'अजिबात दुखणार नाही' या एका वाक्यावर चालतो. उरलेला निम्मा ते वाक्य खोटं ठरल्यावर.

या डॉक्टरांच्या तोंडी ते वाक्य इतकं बसलं होतं की घरीही सुटत नसे. बायकोची बदली दुसऱ्या शहरात झाली, तेव्हा तिची बॅग भरताना ते सात वर्षांच्या लेकीला म्हणाले, "वर्षभराचा तर प्रश्न! कळणारसुद्धा नाही." तेव्हापासून रोज संध्याकाळी आईचा फोन आला की बापलेक स्क्रीनसमोर दात काढून सांगत, "मजेत!"

पोर गुणाची निघाली. रडणं नाही, हट्ट नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती समजूतदार हो तुमची मुलगी!" डॉक्टरांना बरं वाटलं. मग हळूहळू वाटेनासं झालं. एकदा तरी हिनं आपल्या गळ्यात पडून भोकाड पसरावं, असं त्यांना फार वाटे. पण असं काही लेकीकडे मागता येत नाही.

एका शनिवारी शेवटचा पेशंट गेल्यावर ती दवाखान्यातल्या खुर्चीत चढली. खुर्ची वरखाली करून झाली, मग तिनं आ वासला. डॉक्टरांनी सवयीनं छोटा आरसा आत घातला आणि ते थबकले. दाढा घासून सपाट झाल्या होत्या.

"झोपेत दात खातेस का गं?"

"झोपलेल्या माणसाला कसं कळणार?"

"दुखतं?"

"अजिबात नाही." सूर थेट त्यांचाच.

रात्री दातांवर घालायचं कव्हर बनवू, असं त्यांनी ठरवलं. वैद्यकशास्त्राचं हे बरं असतं. कारण सापडलं नाही तरी कव्हर मिळतं.

"आता माझी पाळी," ती म्हणाली. "तू झोप."

ते आडवे झाले. तिनं दिवा ओढला, आरसा घातला.

"बाबा, तुझ्या दाढा तर पार गुळगुळीत झाल्यात!"

स्वतःच्या तोंडात डोकावायची सोय देवानं दातांच्या डॉक्टरांनाही दिलेली नाही.

"दुखतं?" तिनं विचारलं.

"अजि–" ते थांबले. ती दाढांकडे बघतच नव्हती, त्यांच्या डोळ्यांत बघत होती. लहान मूल पडलं की लगेच रडत नाही. आधी वर बघतं. आईबापाच्या चेहऱ्यावर जे दिसेल, त्यावरून आपल्याला किती लागलंय ते ठरवतं. ही पडून कितीतरी महिने झाले होते, आणि वर पाहिलं की हिला दिसत होतं ते बापाचं हसू.

"दुखतं," ते म्हणाले. "फोन ठेवल्यावर जास्त."

तिनं आरसा ट्रेमध्ये अगदी सावकाश ठेवला.

"मला वाटलं, मला एकटीलाच."

ते काही बोलणार तोच फोन वाजला. "काय म्हणताय? कसे आहात?" आईनं विचारलं.

मुलीनं बापाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काय करत होता देव जाणे, पण हसत नव्हता.

"तू इथं नाहीस ते मला मुळीच आवडत नाही!" असं म्हणून तिनं सूर लावला. हुंदके, शेंबूड, सगळं साग्रसंगीत.

आई गडबडली. "अरे, काय झालं हिला?"

"तुझी आठवण येते," डॉक्टर लेकीला जवळ ओढत म्हणाले.

"हिला?"

"दोघांना."

पलीकडूनही नाक ओढल्याचा आवाज आला. फोन मात्र कुणी ठेवला नाही.