वळणावरचा अजगर

नेत्रा मूळची सांगलीची. गाड्यांखाली मरणाऱ्या प्राण्यांवर ती चंदीगडच्या विद्यापीठात संशोधन करत होती. सुखना तलावामागच्या जंगलाला खेटून एक रस्ता डोंगराकडे जातो. त्यावर रोज सकाळी जायचं आणि मेलेलं जे दिसेल ते नोंदवायचं. चंदीगडमधल्याच मनीमाजऱ्यात ती राहायची; तिथले शेजारी लक्ष्मीकांतकाका तिला गाडीतून न्यायचे. ते हवाई दलातून निवृत्त झालेले.

त्या रस्त्यावरचे निम्म्याहून जास्त साप एकाच वळणावर मरत. का, ते तिला उमगत नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी काकांनी तिथेच करकचून ब्रेक दाबला.

"नेत्रा, समोर बघ."

अजगर रस्ता ओलांडत होता. तोंड भातशेताकडे, शेपटी अजून जंगलाच्या गवतात. काकांनी गाडी आडवी लावली. मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि सरदारजी ड्रायव्हर ओरडतच उतरला, "ओ जी, रस्ता तो..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. परत जाऊन त्याने इंजिन बंद केलं.

मग डांबरावर घासणाऱ्या खवल्यांची सरसर ऐकू येऊ लागली. दोन वर्षं नेत्राने फक्त चपटी झालेली कातडी मोजली होती. हा जिवंत होता. वळवळ नाही, घाई नाही. आतून लाट सरकावी तसं ते प्रचंड अंग सरळ रेषेत पुढे जात होतं. तिचे डोळे भरून आले.

"वाहेगुरू," ड्रायव्हर पुटपुटला.

अजगर भातात दिसेनासा झाल्यावर ती जंगलाच्या बाजूने उताराखाली उतरली. चिखलातला त्याचा माग रस्त्याखालच्या मोरीपर्यंत जाऊन मागे फिरला होता. मोरी बांधकामाच्या राड्यारोड्याने गच्च भरलेली.

"काका, पलीकडे भात, भातात उंदीर. खालची वाट बुजली, म्हणून बिचारे वरून जातात!"

तिने रस्ते खात्याकडे फोटोंसह अर्ज केला, महिनाभर खेटे घातले. अखेर मोरी मोकळी झाली. पुढच्या वर्षभरात त्या वळणावर दोनच साप मेले. आदल्या वर्षी एकोणीस मेले होते.

मोरीत लावलेल्या कॅमेऱ्याचे फोटो तिने काकांना दाखवले. कोल्हा, घोरपड, उदमांजर, पिल्लांना घेऊन निघालेलं साळिंदर.

काका एकेक फोटो बघत शेवटच्या फोटोपर्यंत आले.

"एवढं सगळं आपल्या चाकांखालून जात असतं?" ते म्हणाले. "परत दाखव बरं, पहिल्यापासून."